बसलेली बॅटरी आणि सार्वजनिक आवाज

ठाणे, कल्याण आणि डोंबिवली या तिन्ही नगरांचा सार्वजनिक जीवनक्रम ज्याने थोडाबहुत जवळून पाहिला असेल त्याला हे मान्य करावेच लागेल की, सभेची, उत्सवाची आणि चार लोकांत उभे राहून बोलण्याची येथील माणसाची आवड ही केवळ हौस नसून त्याच्या नागरिकत्वाचे एक अंगच होऊन बसली आहे. कल्याणच्या सुभेदार वाड्यातील सार्वजनिक गणेशोत्सव एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीपासून चालत आला आहे. गुढीपाडव्याच्या नववर्ष स्वागतयात्रेचा प्रघात डोंबिवलीच्या श्रीगणेश मंदिर संस्थानाने गेल्या शतकाच्या अगदी शेवटी पाडला आणि पाहता पाहता तो ठाण्यासह कितीतरी गावांनी उचलला. डिसेंबर २०१० मध्ये ठाण्याने आणि फेब्रुवारी २०१७ मध्ये डोंबिवलीने अखिल भारतीय मराठी साहित्य संमेलनाचे यजमानपद निभावले. अशा मोठ्या प्रसंगांसाठी मोठी ध्वनियंत्रणा, जनरेटर आणि जाणत्या माणसांचा ताफा यांची तजवीज आधीच झालेली असते, त्यामुळे त्यांची चिंता करण्याचे कारण नाही. परंतु त्यांच्या खालच्या थरात जे असंख्य लहान प्रसंग वर्षभर घडत असतात, म्हणजे गृहसंस्थेचा सत्यनारायण आणि वार्षिक सभा, भजनी मंडळाची दिंडी, उपवन तलावाकाठचा पहाटेचा व्यायामवर्ग, शाळेच्या मैदानावरील क्रीडास्पर्धा, आगरी आणि कोळी वस्त्यांतील हळदीचा समारंभ, दीड दिवसाच्या गणपतीची विसर्जन मिरवणूक, त्या सर्वांचा भार अलीकडे चाके आणि दांडा असलेल्या एका काळ्या पेटीवर येऊन पडला आहे. दुकानदार तिला ट्रॉली स्पीकर म्हणतो. तिच्यात भोंगा आहे, ॲम्प्लिफायर आहे, मोबाइलवरचे गाणे तारेवाचून घेण्याची सोय आहे, कॉर्डलेस माइक आहे. आणि हे सारे ज्याच्या जिवावर चालते ती बॅटरीही आहे, जिच्याकडे विकत घेताना कोणी पाहत नाही आणि घेतल्यावर तर मुळीच पाहत नाही.

याचा परिणाम ठरावीक असतो. मिरवणूक कोपऱ्यावर वळते, आरतीची पहिली कडवी म्हणून होतात, आणि आवाज प्रथम घोगरा होतो, मग ढोलाच्या प्रत्येक ठेक्याला अडखळतो, आणि अखेर थांबतो. बॅटरी बसली, एवढे दोन शब्द कोणीतरी उच्चारतो आणि पेटीच्या निर्मात्यावर किंवा विक्रेत्यावर दोष ठेवून मंडळी मोकळी होतात. क्वचित तो दोष खराही असतो. पण या पेट्या दुरुस्तीला ज्या अवस्थेत येतात ती पाहता असे निश्चित म्हणता येते की, वापरून झिजलेल्या बॅटऱ्यांपेक्षा न वापरता, केवळ ठेवून दिल्यामुळे निकामी झालेल्या बॅटऱ्या अधिक असतात. आणि याचे मूळ यंत्रापेक्षा आपल्या व्यवस्थेत आहे.

ते मूळ समजण्यासाठी थोडे मागे जावे लागेल. ध्वनिवर्धक या यंत्राचे वय फार नाही. पीटर जेन्सन आणि एडविन प्रिडहॅम या दोन तंत्रज्ञांनी सॅन फ्रान्सिस्को येथे १९१५ सालच्या नाताळच्या पूर्वसंध्येला मोठ्या जनसमुदायाला आपल्या यंत्रातून संगीत आणि भाषण ऐकविले, तेव्हापासून त्याचा सार्वजनिक इतिहास सुरू होतो असे मानण्यास हरकत नाही. लोकमान्यांना गणेशोत्सवांतील आपली व्याख्याने उघड्या कंठाने द्यावी लागली. आपल्या देशात राजकीय सभेला ध्वनिवर्धकाची जोड देण्याचे श्रेय नानिक मोटवाने यांच्या शिकागो रेडिओ या संस्थेकडे जाते. १९३१ च्या कराची काँग्रेसमध्ये तिची यंत्रणा होती आणि पुढे मुंबईतून तिने कित्येक राष्ट्रीय सभांना आवाज पुरविला. त्या काळी खेडोपाडी वीज नसे, म्हणून मोटारीत वापरतात तशा शिशाच्या जड बॅटऱ्या यंत्रासोबत न्याव्या लागत, आणि बॅटऱ्यांसोबत त्यांची निगा राखणारा माणूसही जाई. पुढे गावोगावी जो लाउडस्पीकरवाला उदयाला आला त्याच्याकडे हीच परंपरा आली. लग्नाच्या मांडवात कर्णे बांधणारा, निवडणुकीच्या दिवसांत रिक्षावर भोंगा चढवून बारा व्होल्टच्या ॲम्प्लिफायरवर प्रचार फिरविणारा हा गृहस्थ रात्री कितीही उशीर झाला तरी घरी पोहोचताच बॅटरी चार्जिंगला लावल्याशिवाय झोपत नसे, कारण दुसऱ्या दिवसाची त्याची कमाई तिच्यावर अवलंबून होती. गेल्या काही वर्षांत यंत्र स्वस्त आणि सुटसुटीत झाले, ते प्रत्येक मंडळाने आणि गृहसंस्थेने स्वतःच विकत घेतले, भाड्याचा खर्च वाचला. परंतु त्या भाड्यात यंत्राच्या जोडीने त्या माणसाची निगाही आपण घेत होतो, ही गोष्ट कोणाच्या ध्यानात आली नाही. पेटी सर्वांच्या मालकीची झाली आणि तिच्या बॅटरीला मात्र कोणी वाली उरला नाही.

आता त्या बॅटरीच्या अंतरंगाकडे वळू. स्वस्त आणि मध्यम किमतीच्या बहुतेक ट्रॉली स्पीकरांत आजही शिशाचीच बॅटरी असते. गास्तों प्लान्ते या फ्रेंच शास्त्रज्ञाने १८५९ साली तिचा शोध लावला आणि तिचे मूलतत्त्व तेव्हापासून बदललेले नाही. धन पट्टीवर शिशाचे डायऑक्साइड, ऋण पट्टीवर सच्छिद्र शिसे आणि दोहोंच्या मध्ये सौम्य गंधकाम्ल, अशी तिची रचना असते. वीज काढून घेतली जात असता दोन्ही पट्ट्यांवर शिशाचे सल्फेट तयार होते आणि आम्ल पातळ होत जाते; चार्जिंग करताना ही क्रिया उलटते. अशा एका कप्प्याचा दाब सुमारे २ व्होल्ट असल्यामुळे ६ कप्पे एकामागे एक जोडून १२ व्होल्टची बॅटरी सिद्ध होते. स्पीकरमधील बॅटरी बंद डब्याची असते. तिच्यातील आम्ल काचतंतूंच्या पडद्यात शोषून धरलेले असते, म्हणून ती आडवी केली तरी सांडत नाही आणि तिच्यात पाणीही घालावे लागत नाही. भारनियमनाच्या काळात कल्याण-डोंबिवलीच्या घराघरांत इन्व्हर्टर आले आणि गृहिणींपासून निवृत्त कारकुनांपर्यंत सर्वांना डिस्टिल्ड वॉटर घालण्याची तारीख पाठ झाली, तो अनुभव येथील लोकांच्या चांगला स्मरणात आहे. पण ज्या बॅटरीत पाणी घालायचे नाही तिच्याकडे लक्षही द्यायचे नाही, अशी एक समजूत त्याच वेळी रूढ झाली, आणि ती घातक आहे.

या बॅटरीवर बहुधा १२ व्होल्ट, ७ अँपिअर-तास असे छापलेले असते. लहान पेटीत ४.५ अँपिअर-तासांची असते. ७ गुणिले १२ म्हणजे ८४ वॉट-तास, एवढीच आपल्या हाती असलेली एकूण पुंजी. पेटीच्या पुठ्ठ्यावर हजारोंच्या घरातले वॉट छापलेले असतात, त्यांना कोणतेही मान्य परिमाण नाही, म्हणून त्यांचा विचारच करू नये, आर. एम. एस. या अक्षरांपुढे जो आकडा दिला असेल तेवढाच ग्राह्य धरावा. समजा, चांगल्या आवाजात गाणे चालू असता यंत्र सरासरी ३० वॉट खेचत आहे. साधा भागाकार केला तर पावणेतीन तास निघतात. प्रत्यक्षात मात्र जेमतेम दोन तास मिळतात, कारण ७ हा आकडा बॅटरी २० तासांत सावकाश, म्हणजे ०.३५ अँपिअरच्या दराने, रिकामी केली तर मिळणारा आहे. जितक्या वेगाने वीज ओढावी तितका तिचा हिशेब तोट्यात जातो, आणि एका तासात रिकामी करू पाहिल्यास सुमारे दोनतृतीयांशापेक्षाही कमीच हाती लागते. विक्रेता सहा तास सांगतो तेव्हा तो खोटेच बोलतो असे नाही. तो आवाज किती हे सांगत नाही, एवढेच.

आवाजाचा आणि विजेचा हा संबंध मंडळाच्या प्रत्येक कार्यकर्त्याने समजून घेण्यासारखा आहे. आवाज ३ डेसिबलने वाढवायचा तर वीज दुप्पट लागते, आणि ही ३ डेसिबलची वाढ कानाला जेमतेम जाणवते. आवाज दुप्पट झाल्यासारखा वाटावा म्हणून १० डेसिबल वाढवायचे तर दसपट वीज खर्ची पडते. याचाच अर्थ असा की, बटण किंचित मागे घेतले तर श्रोत्यांना फरकही कळणार नाही आणि बॅटरीचा वेळ मात्र साधारणपणे दुप्पट होईल. ज्यांना मोकळ्या जागेत लांबवर ऐकू जावे असे वाटते त्यांनी हेही जाणावे की अंतर दुप्पट झाले की आवाज ६ डेसिबलने घटतो. ती तूट बटण पिळून भरून काढू गेल्यास चौपट वीज लागते, तर पेटी टेबलावर किंवा कट्ट्यावर उंच ठेवली आणि तिचे तोंड श्रोत्यांकडे केले तर बरेचसे काम फुकट होते. जमिनीवर ठेवलेल्या पेटीचा आवाज पहिल्या रांगेच्या गुडघ्यांत शोषला जातो आणि मागची मंडळी वाढवा, वाढवा म्हणून खुणा करीत राहतात.

येथे कायद्याची बाजूही ओघाने येते. ध्वनिप्रदूषण नियम २००० अन्वये निवासी भागात दिवसा ५५ आणि रात्री ४५ डेसिबल ही मर्यादा आहे, रात्री १० ते सकाळी ६ ध्वनिवर्धकाला मनाई आहे, आणि राज्य सरकारला वर्षातून १५ दिवसांपर्यंतच ही मुदत मध्यरात्रीपर्यंत वाढविता येते. या नियमांची अंमलबजावणी व्हावी म्हणून ठाण्याचे डॉ. महेश बेडेकर यांनी मुंबई उच्च न्यायालयात जनहितार्थ याचिका केली आणि ऑगस्ट २०१६ मध्ये न्यायालयाने त्या प्रकरणी जो विस्तृत निकाल दिला, त्यात ध्वनिवर्धकाचा वापर हा कोणत्याही धर्माचा अत्यावश्यक भाग नाही असे स्पष्ट नमूद केले. माझ्या मते बॅटरीवरचा लहान स्पीकर हा या निकालाचा विरोधक नसून मित्र होऊ शकतो. जेथे पन्नास माणसांना ऐकवायचे आहे तेथे भिंतीएवढ्या यंत्रणेची आवश्यकता नाही. एक पेटी, मर्यादित आवाज आणि पूर्ण भरलेली बॅटरी एवढ्याने तो प्रसंग साजरा होतो, शेजारच्या इमारतीतील आजारी माणसाला त्रास होत नाही, आणि बॅटरीही अधिक वर्षे टिकते. पण पेटी ऐनवेळी दगा देते असा अनुभव आला की हेच मंडळ पुढच्या वर्षी नाइलाजाने मोठी यंत्रणा भाड्याने आणते.

आता मुख्य व्याधीकडे येऊ. वीज काढून घेतल्यावर पट्ट्यांवर जमणारे सल्फेट ताजे असते तेव्हा अत्यंत बारीक कणांचे असते आणि चार्जिंग करताच ते विरघळून पूर्वपदावर येते. बॅटरी मात्र तशीच अर्धी-रिकामी ठेवली तर हे कण एकमेकांत मिसळून मोठे आणि कठीण होत जातात. साखरेचा पाक पडून राहिला म्हणजे त्याची खडीसाखर बनते आणि मग ती ढवळून मोडत नाही, तसाच काहीसा हा प्रकार आहे. कठीण झालेले सल्फेट पट्टीचा तेवढा भाग कायमचा झाकून टाकते. त्यात भर म्हणजे बॅटरी काहीही न करता आपोआपही उतरत असते. २५ अंश तापमानात महिन्याला सुमारे ३ टक्के, आणि तापमान १० अंशांनी वाढले की ही गळती जवळजवळ दुप्पट होते. पुष्कळ पेट्यांत मुख्य बटण बंद केले तरी आकडे दाखविणारा लहान दिवा किंवा ब्लूटूथची पट्टी थोडी वीज खातच राहते, हा वेगळा खर्च.

आता आपल्या मंडळाचे पंचांग यावर लावून पाहावे. अनंत चतुर्दशीला विसर्जनाहून परतताना बॅटरी अगदी तळाला गेलेली असते. सर्वांचे पाय दुखत असतात, पेटी चिखलाने माखलेली असते, आणि ती तशीच पुसून गृहसंस्थेच्या मीटरच्या खोलीत, नाही तर कोणाच्या तरी माळ्यावर सरकविली जाते. शिशाच्या बॅटरीला याहून अधिक अपाय दुसऱ्या कशानेही होत नसेल, कारण ज्या क्षणी तिला चार्जिंगची सर्वाधिक गरज असते नेमक्या त्याच क्षणी तिच्याकडे पाठ फिरविली जाते. त्यानंतर एखादे मंडळ ती प्रजासत्ताक दिनाला किंवा पाडव्याला बाहेर काढते. पुष्कळांची पेटी पुढच्या भाद्रपदापर्यंत उघडलीच जात नाही. मधल्या काळात चैत्र-वैशाखाचा उन्हाळा येतो, पत्र्याखालचा माळा तापतो, आणि शिशाच्या बॅटरीविषयी तंत्रज्ञांचा जो ठोकताळा आहे की २५ अंशांच्या वर दर १० अंशांमागे तिचे आयुष्य निम्मे होते, तो तेथे निमूटपणे खरा ठरत जातो. मग पावसाळ्याची दमट हवा तिच्या पिनांवर पांढरट-हिरवा थर चढविते. गणेशचतुर्थीच्या आदल्या रात्री पेटी खाली येते, चार्जरचा लाल दिवा अर्ध्या तासात हिरवा होतो, सर्वांना समाधान वाटते, आणि दुसऱ्या दिवशी ती वीस मिनिटांत बसते.

हिरवा दिवा इतक्या लवकर लागणे हे आरोग्याचे नव्हे, आजाराचे लक्षण आहे. सल्फेटने झाकलेल्या पट्ट्यांचा अंतर्गत रोध वाढलेला असतो, त्यामुळे चार्जर जोडताच बॅटरीचा दाब भराभर वर जातो आणि चार्जरला ती भरली असे वाटते. वस्तुतः तिच्यात काहीच शिरलेले नसते. निरोगी बॅटरीचे गणित वेगळे असते. पेटीसोबतचा लहान चार्जर बहुधा पाऊण ते एक अँपिअरच्या आसपास वीज देतो, आणि रिकामी झालेली ७ अँपिअर-तासांची बॅटरी त्याने पूर्ण भरायला दहा-बारा तास सहज लागतात. म्हणून मिरवणुकीच्या दोन तास आधी चार्जिंगला लावणे हे केवळ मनाचे समाधान होय. आदल्या रात्री लावावी, आणि मिरवणूक संपल्यावर त्याच रात्री पुन्हा लावावी. हा दुसरा नियम पहिल्यापेक्षाही महत्त्वाचा आहे, आणि या साऱ्या लेखातून वाचकाने एकच गोष्ट ध्यानात ठेवायची असेल तर ती हीच ठेवावी.

उलट टोकाचा दोषही आढळतो. काही गृहसंस्थांत बॅटरी सदैव भरलेली राहावी या सद्हेतूने चार्जर महिनोन् महिने लावूनच ठेवतात. चार्जर चांगल्या जातीचा असेल, म्हणजे प्रथम १४.४ ते १४.७ व्होल्टपर्यंत नेऊन नंतर १३.५ ते १३.८ वर उतरणारा असेल, तर त्यात फारसे बिघडत नाही. स्वस्त चार्जरला ही समज नसते. तो दाब चढता ठेवतो, आतील पाण्याचे वायू होऊन झडपेतून निघून जातात, ते पाणी पुन्हा घालण्याची सोय नसते, डबा तापतो आणि त्याच्या बाजू फुगतात. फुगलेली बॅटरी पुन्हा पूर्ववत होत नाही. ती त्याच दिवशी पेटीतून काढावी.

इतर लक्षणे थोडक्यात सांगतो. गाणे हळू असताना पेटी व्यवस्थित चालते आणि ढोल वाजला की बंद होऊन पुन्हा सुरू होते, तर बॅटरी अशक्त झाली आहे किंवा तिची पिन सैल आहे. प्रथम पिन पाहावी, कारण कल्याण-डोंबिवलीच्या रस्त्यांवरून चाकांवर ओढत नेलेल्या पेटीत ती हमखास ढिली होते. चार्जर लावून वाजविताना घरघर येते आणि काढल्यावर जाते, तर दोष बॅटरीचा नसून चार्जरचा आहे. केवळ माइकचा आवाज तुटत असेल तर माइकच्या स्वतःच्या सेलांकडे पाहावे, त्यासाठी मोठी बॅटरी बदलणारे लोकही आहेत. पेटी अजिबात चालूच होत नसेल तर फ्यूज तपासण्यापूर्वी कोणताही निष्कर्ष काढू नये.

याहून नेमकी परीक्षा हवी असेल तर मल्टिमीटर नावाचे साधे यंत्र घ्यावे. मुंबईच्या लॅमिंग्टन रोडपर्यंत जाण्याचेही आता कारण नाही, ते ठाण्या-कल्याणच्या स्टेशनजवळच्या विजेच्या सामानाच्या दुकानांतही मिळते. बॅटरी पूर्ण भरून, चार्जर काढून, काही तास स्वस्थ ठेवावी आणि मग तिचा दाब मोजावा. १२.७ च्या आसपास असेल तर ती भरलेली आहे, १२.२ म्हणजे निम्मी. १२ च्या खाली म्हणजे जवळजवळ रिकामी. पूर्ण चार्जिंगनंतरही आकडा १०.५ च्या जवळपास अडकून बसला तर सहांपैकी एक कप्पा मेला आहे असे समजावे. स्वस्थ असताना आकडा चांगला दिसतो पण स्पीकर मोठ्याने वाजविताच तो १०.५ च्या खाली कोसळतो, अशी बॅटरीही बाद होय. सल्फेट काढून देतो म्हणून जी औषधे आणि उपकरणे विकली जातात त्यांच्यावर मंडळाचा पैसा घालवू नये. वर्षभर उपाशी राहिलेल्या बंद डब्याच्या बॅटरीला त्यांचा म्हणण्यासारखा उपयोग होत नाही.

बदलणे मात्र अवघड नाही. १२ व्होल्ट ७ अँपिअर-तासांची ही बॅटरी म्हणजे संगणकाच्या यू. पी. एस. मध्ये असते तीच. सुमारे १५ सेंटिमीटर लांब, साडेसहा रुंद, साडेनऊ उंच आणि दोन-अडीच किलो वजनाची. व्होल्ट तेच असावेत, आकार तोच असावा, लाल तार धनाला आणि काळी ऋणाला जावी, आणि डब्यावरील निर्मितीची तारीख पाहून घ्यावी, कारण दुकानाच्या मांडणीवर वर्षभर पडून राहिलेली नवी बॅटरी ही नावापुरतीच नवी असते. नवी बॅटरी दरवेळी तळापर्यंत रिकामी करीत गेल्यास तिची सुमारे २०० ते ३०० आवर्तने होतात. निम्मी वापरून लगेच भरीत गेल्यास त्याच्या दुपटीच्या आसपास. वर्षातून दहा-पंधरा वेळा वापर करणाऱ्या मंडळाला ही संख्या कधीच गाठता येणार नाही, यावरूनच हे सिद्ध होते की अशा मंडळाची बॅटरी दोन वर्षांत मेली तर ती वापरामुळे मेलेली नाही.

किंचित अधिक किमतीच्या पेट्यांत लिथियम-आयन बॅटरी येते. १९९१ साली सोनी कंपनीने ती प्रथम बाजारात आणली आणि तिच्या जनकांना, म्हणजे गुडइनफ, व्हिटिंगहॅम आणि योशिनो यांना, २०१९ चे रसायनशास्त्राचे नोबेल पारितोषिक मिळाले. ती हलकी आहे, तिची स्वतःची गळती फार थोडी आहे, आणि अर्धवट भरलेली ठेवणे तिला मानवते. किंबहुना दीर्घकाळ ठेवायची असेल तर ती निम्म्याच्या आसपास भरलेली ठेवावी. परंतु उष्णता आणि मर्यादेबाहेरचे चार्जिंग तिला शिशाच्या बॅटरीपेक्षा पुष्कळच कमी सोसते, आणि तिचा कोप झाला तर तो आगीच्या रूपाने होतो. म्हणून एका प्रकाराविषयी मला कळकळीने सांगावयाचे आहे. जुनी शिशाची बॅटरी गेल्यावर तिच्या जागी लिथियमचे तीन सेल जोडलेला संच बसवून देणारे कारागीर आहेत. असा संच १२.६ व्होल्टला पूर्ण भरतो आणि जुना चार्जर तर १४.४ च्या पुढे ढकलीत असतो. संरक्षक सर्किट निकृष्ट असेल किंवा नसेलच, तर पुढे काय होईल याची कल्पना वाचकाने करावी, आणि ती पेटी जिन्याखाली, गृहसंस्थेच्या बाहेर पडण्याच्या एकमेव वाटेवर रात्रभर चार्जिंगला लावलेली असते हेही लक्षात घ्यावे. बॅटरीची जात बदलायची असेल तर चार्जरही त्या जातीचाच घेतला पाहिजे, आणि लिथियमच्या बॅटरीचे चार्जिंग नेहमी उघड्या जागी, कोणीतरी जागे असताना करावे.

हे सर्व ज्ञान फार गहन नाही. अडते ते जबाबदारीपाशी. गृहसंस्थेच्या दप्तरात पेटीची खरेदी, किंमत आणि पावती यांची नोंद असते, पण ती कोणाच्या ताब्यात आहे आणि तिला शेवटचे चार्जिंग कधी झाले याची नोंद नसते. ज्या चिटणीसांनी या एका गोष्टीचा बंदोबस्त केला आहे त्यांच्या पेट्या वर्षानुवर्षे चालतात. एका माणसाचे नाव ठरवावे, दर महिन्याच्या बैठकीच्या किंवा दर पौर्णिमेच्या दिवशी शिशाच्या बॅटरीची पेटी रात्रभर चार्जिंगला लावण्याचा शिरस्ता घालावा, आणि जमाखर्चाच्या वहीतच शेवटच्या पानावर तारीख आणि व्होल्ट लिहावे. पुढील वेळी ती कोणाला कधी लागेल हे सांगता येत नाही. २६ जुलै २००५ च्या महापुरात उल्हास आणि वालधुनी या नद्यांनी कल्याण परिसरातील वस्त्या वेढल्या आणि वीज खंडित झाली, तेव्हा कोणत्या इमारतीत अन्न पोहोचले आहे, कोठला रस्ता खचला आहे, हे अंधारात शेकडो लोकांना सांगण्याचे साधन बहुतेक ठिकाणी माणसाचा गळा एवढेच होते. आज प्रत्येक इमारतीत तशी पेटी आहे. तिची बॅटरी आषाढ-श्रावणात भरलेली असावी एवढीच अपेक्षा आहे, आणि नेमक्या त्याच महिन्यांत ती रिकामी असते.

राहता राहिला प्रश्न जुन्या बॅटरीचा. तिच्या वजनाचा मोठा भाग शिशाचा असल्यामुळे भंगारवाला तिचे पैसे देतो, आणि हातगाडीवरून ती कोठे जाते याची चौकशी आपण करीत नाही. उघड्यावर डबा फोडून आम्ल गटारात सोडणे आणि शिसे चुलीवर वितळविणे हा उद्योग जेथे चालतो तेथील लहान मुलांच्या रक्तात ते शिसे उतरते, आणि बालकांच्या मेंदूच्या वाढीला त्याचा जो अपाय होतो तो भरून निघत नाही. शिशाच्या बॅटऱ्यांसाठी २००१ पासूनच नियम होते. २०२२ साली केंद्र सरकारने सर्व जातींच्या बॅटऱ्यांसाठी नवे नियम लागू केले आणि वापरलेली बॅटरी परत घेऊन तिची विल्हेवाट लावण्याची जबाबदारी उत्पादकावर टाकली. म्हणून नवी बॅटरी घेताना जुनी त्याच दुकानात द्यावी, तिच्या बदल्यात मिळणारी सूट बिलावर लिहून घ्यावी, आणि लिथियमची असेल तर पिनांवर चिकटपट्टी लावून, घंटागाडीच्या ओल्या-सुक्या कचऱ्यात न मिसळता, ई-कचरा संकलनाच्या दिवशी वेगळी सोपवावी. ते बिल आणि ती पोच मंडळाच्या त्याच वहीत, चार्जिंगच्या नोंदींच्या शेजारी लावून ठेवावी, म्हणजे पुढच्या वर्षी येणाऱ्या नव्या कार्यकारिणीला जुनी बॅटरी कधी घेतली, किती चालली आणि कोठे गेली, हे विचारण्यासाठी कोणाच्याही घरी जावे लागणार नाही.